तेराव्या गाठीवरची रेघ

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी माझं कौतुक करायला लागलं तर त्याला अडवत बसायला नको. शहाऐंशी साली आमच्या वसईच्या पट्ट्यात बास्केटबॉल बघणारे लोक मला 'तीनवाली' म्हणायचे. रेघेच्या बाहेरून, लांबून बॉल टाकायचा, आणि तो रिंगमधून गेला की दोनाऐवजी तीन गुण. हा नियम तेव्हा नवाकोरा होता आणि आमच्याकडे तो सगळ्यात आधी मलाच फळला. लोक म्हणत, काय पोरीचा नेम आहे! नेम होताच, उगाच नाही कशाला म्हणू? पण एवढा नेम आला कुठून, असं कुणी विचारलं नाही. तो भीतीतून आला होता.

आमचं गाव स्टेशनच्या पश्चिमेला, वाड्यांतलं. आमची वाडी पानवेलीची आणि मोगऱ्याची, शेजारच्या वाड्या निम्म्या आमच्या, निम्म्या ख्रिस्ती घरांच्या. शाळा चर्चची, आणि शाळेमागे मातीचं मैदान. त्या मैदानाच्या दोन टोकांना बोर्ड टांगायला जे खांब होते ते म्हणजे रेल्वेचे जुने रूळ, उभे पुरलेले. मोठ्या मैदानांवर खांब रिंगपासून बराच मागे असतो म्हणे. आमचा रिंगच्या मागे जेमतेम दोन हातांवर होता. रिंगखाली उडी मारून खाली आलात की समोर तो लोखंडी रूळ, धारदार कडांचा.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात रोझलिन आणि मी एकाच बॉलसाठी उडी घेतली. ती माझ्याच संघातली, माझ्याच वर्गातली, पलीकडच्या वाडीतली. बॉल रिंगवर आपटून वर गेला होता आणि आम्ही दोघी वर बघत होतो. खाली आले ती मी मातीवर, आणि रोझलिन गेली खांबावर. आवाज मोठा नव्हता. कपाटाचं दार लागावं एवढाच. मग ती बसली, आणि तिने डाव्या डोळ्यावर हात धरला, आणि बोटांच्या मधून रक्त यायला लागलं. तिचा तो डोळा परत आला नाही. दिसायला डोळा आहे तसाच आहे, पण त्यातून दिसत नाही.

उडी मारताना माझा खांदा तिला लागला होता का, हे मला आजही ठाऊक नाही. तिला मी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. दोन महिन्यांनी ती मैदानावर परत आली, ती गुणांची वही घेऊन. कोणी किती बॉल टाकले, कुठून टाकले, किती गेले, ते ती मान जराशी डावीकडे वळवून लिहायची, आणि हसायची. त्या हसण्याची मला खांबापेक्षाही जास्त भीती वाटायची.

तेव्हापासून मी रिंगखाली जाऊ शकत नाही. बॉल घेऊन आत जायला लागले की पावलं गार पडायची, खरंच गार, ओल्या फरशीवर उभं राहिल्यासारखी. नजर रिंगवरून सुटून खांबावर जायची. मग मी काहीतरी युक्ती काढायची. बूट सुटला म्हणून वाकायचं, पोटात कळ आली म्हणायचं, नाहीतर सरळ बॉल क्लेमेंटीनकडे टाकायचा. क्लेमेंटीन सगळ्यांत उंच, रिंगखाली ती उभी राहिली की दोन मुली तिच्या मागे लपतील एवढी. तिला काही कळायचं नाही. ती म्हणायची, "मथुरा किती छान पास देते!"

आलोशियस सर मात्र चिडायचे. सर चाळिशीचे, आवाज असा की वाडीत काम करणाऱ्या आमच्या आईला ऐकू जाई. "मथुरा, लांबून काय दगड मारतेस? चिंचा पाडायच्यात का? आत घुस!" आणि दर सरावाला एकदा तरी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "जिला आत जायची भीती वाटते तिने घरी बसून गजरे करावेत. माझ्या संघात तिला जागा नाही."

हे वाक्य माझ्यावरच बेतलेलं आहे असं मला दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी मी इतरांबरोबर हसायची. घरी बसून गजरे मी करतच होते, पहाटे चारपासून, रोज. मैदान सोडून दुसरी कुठलीच जागा नव्हती जिथे मला मोगरा सोडून काही येतं असं कुणी मानत होतं. भीती कळली असती तर ते मैदान गेलं असतं. म्हणून मी लांबून टाकत राहिले. वाडीच्या बांधावर, पाणी देऊन झाल्यावर, एका फुटक्या टोपलीत, रोज दोनशे वेळा.

आणि मग पंचाऐंशीच्या ऑगस्टमध्ये तो कागद आला. असोसिएशनने सगळ्या संघांना टाइप करून पाठवलेला. सरांनी तो शाळेच्या ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचला. रिंगच्या मध्याच्या बरोबर खाली जमिनीवर बिंदू धरायचा, तिथून सव्वासहा मीटरची कमान आखायची, त्याबाहेरून टाकलेल्या बॉलला तीन गुण. सर दोनदा वाचून थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता ओरडणार. ते म्हणाले, "अगं, तुझे दगड आता महाग झाले."

मी इतकी सुटले, इतकी सुटले, की घरी जाऊन मोरीत तोंड धुताना रडले. माझी भीती आता नियमात बसत होती.

पाऊस सरल्यावर ती रेघ आखायला सरांनी आबांना बोलावलं. आबा म्हणजे माझे वडील, गंगाराम. गावात कुणाचा बांध वाकडा झाला, कुणाला नवे वाफे काढायचे झाले की आबांना हाक जायची. त्यांच्याकडे अंबाडीची एक दोरी होती, स्वतः वळलेली, हातभर अंतरावर गाठी मारलेली. त्या दोरीला आम्ही कुणी हात लावायचा नाही. ती चुलीवरच्या खुंटीला टांगलेली असायची, कायम कोरडी, धुराने काळपट झालेली. ओल्या दोरीने आबा कधी मापत नसत. सकाळी दव असतं म्हणून माप घ्यायचं ते दुपारी बारानंतर. पानवेलीचा वाफा चार बोटं चुकला तरी पाणी शेवटपर्यंत पोचत नाही, आणि आबांच्या वाफ्यांतलं पाणी आजवर कधी अडलं नव्हतं.

सरांनी हिशोब करून दिला. सव्वासहा मीटर म्हणजे साडेवीस फूट, म्हणजे दीड फुटाचा एक हात धरून पावणेचौदा हात. रिंगला दगड बांधून सुतळी सोडली, दगड जिथे टेकला तिथे खुंटी ठोकली, आणि आबा दोरी ताणून अर्धगोल फिरले. मागून मी भोकाच्या डब्यातून चुना सोडत गेले. मातीवरची रेघ खेळून खेळून पुसायची, म्हणून दर शनिवारी दुपारी आबा येऊन ती नव्याने काढायचे. दुसऱ्या कुणाला काढू द्यायचे नाहीत. सर म्हणायचे, "गंगारामभाऊ, एवढं काय, एखादी पोरगी काढेल." आबा नुसती नकारार्थी मान हलवायचे. आबा मुळातच कमी बोलत.

चार महिन्यांत आमचा खेळ पार बदलला. आधी सगळे बॉल क्लेमेंटीनकडे जायचे, आता तिच्याकडून बाहेर माझ्याकडे यायचे. तिच्याभोवती गर्दी झाली की ती बॉल बाहेर फेकायची, मी रेघेवर तयार. पंच तीन बोटं वर करायचा आणि कुंपणापाशी बसलेली म्हातारी माणसं एकमेकांना विचारायची, एक बॉल गेला तर तीन का लिहिले? आमच्या शेजारचे मार्सेलकाका तर चिडायचे, "ही काय खेळायची रीत? चोरासारखं लांबून टाकायचं नि पळायचं!" आणि शाळेतल्या लहान मुली आत जायचंच विसरल्या. सगळ्या रेघेबाहेर उभ्या, सगळ्यांना तीनच हवेत. त्यांना मी नेम शिकवला असं लोक म्हणत होते. मी त्यांना पळणं शिकवलं होतं.

जानेवारीत गावच्या सणाची स्पर्धा असायची. त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात आलो आणि समोर मुंबईच्या एका क्लबचा संघ. रविवारी दुपारी चारला सामना. शनिवारी दुपारी आबा नेहमीप्रमाणे आले, रेघ आखली, दोरी गुंडाळली, गेले.

शनिवारभर मला काही खाल्लं गेलं नाही. रविवारी सकाळी देवासमोर मी एकच मागितलं, मला आत जावं लागू नये. जिंकायचं मागितलं नाही.

मुंबईच्या संघात लूर्डस नावाची मुलगी होती. केस बारीक कापलेले, चेहरा शांत. सामन्याआधी त्या मुली हात मोकळे करत होत्या. लूर्डस रेघेवर उभी राहिली आणि तिने टाकलेला पहिला बॉल रिंगच्या वरून बोर्डवर आपटला. दुसराही तसाच. तिसराही. ती थांबली, खाली रेघेकडे बघितलं, रिंगकडे बघितलं. मग चालत पंचांकडे गेली आणि काहीतरी बोलली.

पंच मुंबईहूनच आलेले. त्यांनी पिशवीतून स्टीलचा टेप काढला.

माझे पाय तिथेच गार पडले, आत न जाताच. दोन माणसांनी टेप धरला. पंच वाकून बघत होते. आजूबाजूला गर्दी जमली. पंच उठले आणि म्हणाले, "सर, एक फूट कमी आहे. साडेएकोणीस भरते."

सरांचा चेहरा पडला. त्यांनी कुंपणाकडे बघितलं. तिथे भेंडीच्या डेरेदार झाडाखाली आबा उभे होते. सगळं मैदान आबांकडे बघायला लागलं. ते पुढे आले, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"दोरी भिजली असंल," आबा म्हणाले. "आखडली असंल."

"अरे गंगाराम, तू पण चुकला?" मार्सेलकाका मोठ्याने म्हणाले. दोघं-चौघं हसले. आबा खाली बघत होते. माझ्या आयुष्यात मी त्यांना मापाच्या बाबतीत खाली बघताना पाहिलं नव्हतं.

मला एवढंच कळलं की ते खोटं बोलतायत. दोरी चुलीवर होती, शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत काढलेली, कोरडी ठणठणीत. रेघ भर दुपारी आखली होती. आणि भिजलीच असती तरी तेवढी दोरी आखडून आखडून चार बोटं आखडेल. एक फूट? साडेएकोणीस फूट म्हणजे मोजून तेरा हात. म्हणजे आबांनी तेराव्या गाठीवर रेघ ओढली होती. दर शनिवारी. चार महिने.

का, ते मला कळेना. आबांचं वय झालं, मोजायला चुकायला लागले, असं वाटून मला वेगळीच भीती वाटली. पण विचार करायला वेळ नव्हता. पंचांनी टेप धरून नवी रेघ काढून घेतली, जुनी पायाने पुसली, आणि शिटी वाजली.

नवी रेघ माझ्यासाठी दुसऱ्या गावात होती. एक फूट म्हणजे काही नाही असं खेळ न खेळलेल्या माणसाला वाटेल. माझे हात, माझं मनगट, माझे गुडघे तेरा हातांवर शिकलेले. पहिला बॉल रिंगला न लागताच खाली आला. दुसरा पुढच्या कडेवर. तिसऱ्याला मी जास्त जोर लावला तर तो बाजूला गेला. क्लेमेंटीन बॉल बाहेर टाकत होती, मी चुकत होते, आणि तिकडे लूर्डस आता शांतपणे योग्य रेघेवरून टाकत होती. तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. ती माझ्या अंगाला चिकटून उभी राहायला लागली. तिच्या मागे आत जायला वाट उघडी, पूर्ण उघडी, एखादी म्हैस जाईल एवढी. मी गेले नाही. मी बॉल परत क्लेमेंटीनकडे टाकला.

"मथुरा! आत! आत!" सर ओरडत होते. मग ओरडायचे थांबले. ते नुसते बघायला लागले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मला दिसत होतं, त्यांना कळायला लागलंय.

मध्यंतराला आम्ही आठ गुणांनी मागे होतो. मी सात टाकले, एक गेला. संघ पाणी प्यायला एका बाजूला गेला आणि मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला जाऊन गुणांच्या टेबलामागे बसले. रोझलिनने वही बंद केली आणि ती माझ्या डावीकडे येऊन बसली, म्हणजे तिला मी दिसेन.

"मथू," ती म्हणाली, "तू आत जात नाय."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"दोन वर्सं मी लिवते. सगल्यांच्या नावापुढे रिंगखाली फुल्या हाईत. तुज्या नावापुढे एक पण नाय. मना पैल्या महिन्यातच कळलं होतं."

मी विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"सरांना कशाला?" रोझलिन म्हणाली. "तुज्या आबांनी इचारलं. मागच्या पावसाळ्याआधी आमच्या वाडीत आले होते, भेंडीची काठी मागायला. मना म्हनाले, माजी पोर बॉल घेऊन उलटी का पळते? मी वही दाखवली. सांगितलं, ती खांबाला भिते."

मैदानावर लोकांची गडबड चालू होती, कुणीतरी भजी विकत होतं, आणि मी तिथे बसून तेरावी गाठ बघत होते. आबांना माहीत होतं. रेघ आखायच्या आधीपासून माहीत होतं. मला आत जावं लागू नये म्हणून त्या माणसाने रेघ मला पोचेल इतकी जवळ आणली होती. ज्याने आयुष्यात कुणाचा वाफा चार बोटं चुकवला नाही, त्याने दर शनिवारी स्वतःच्या हाताने चुकीचं माप काढलं होतं, आणि आज सगळ्या गावासमोर ते अंगावर घेतलं होतं.

"रोझी," मी म्हणाले. दोन वर्षं अडकलेलं ते कसं बाहेर आलं मला माहीत नाही. "माझा खांदा लागला होता का तुला?"

तिने मान वळवून, चांगल्या डोळ्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मना नाय म्हायत," ती म्हणाली. "मी पन वर बघत होते."

तेवढ्यात लोकांची कुजबूज झाली म्हणून मी मैदानाकडे बघितलं. आबा खांबाकडे चालले होते. आम्ही दुसऱ्या अर्ध्यात ज्या रिंगवर टाकणार होतो त्याच खांबाकडे. काखेत पेंढ्याचा मोठा भारा, खांद्यावर गोणपाटं. शेजारच्या गोठ्यातून उचलून आणलेली असणार. पंच म्हणाले, "ओ काका, काय करताय?" आबांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. पेंढा खांबाभोवती लावला, त्यावर गोणपाट गुंडाळलं, त्यावर आणखी एक. मग कमरेची दोरी सोडली.

ती दोरी. चुलीवरची, काळपट, गाठींची. ती ते घरी जाऊन घेऊन आले होते. खालपासून वरपर्यंत, माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत, ती त्यांनी खांबाला करकचून आवळत नेली. गाठीमागून गाठ पेंढ्यात रुतत होती. टोक उरलं ते दातात धरून बांधलं, हाताने दोनदा थोपटून बघितलं, जसं नवं आळं करून झाल्यावर माती थोपटतात, आणि परत भेंडीखाली जाऊन उभे राहिले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

पंचांनी जाऊन खांब दाबून बघितला. "हे आधीच पाहिजे होतं," ते म्हणाले, आणि शिटी वाजवली.

इथे मी लगेच आत गेले असं सांगितलं तर छान वाटेल. गेले नाही. दुसरा अर्धा जवळजवळ संपेपर्यंत मी रेघेबाहेरच होते. पेंढा बांधला म्हणून पोटातली भीती कुठे जाते? एकदा दोन पावलं गेले आणि परत फिरले. पण नव्या रेघेवरून दोन बॉल गेले, क्लेमेंटीनने रिंगखाली मारामारी करून सहा-सात काढले, आणि शेवटचं अर्धं मिनिट राहिलं तेव्हा फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: चव्वेचाळीस, बेचाळीस. आम्ही दोनाने मागे.

बॉल माझ्याकडे आला. मी रेघेबाहेर. लूर्डस माझ्या नाकासमोर, दोन्ही हात वर. तिला ठाऊक होतं मी टाकणार. सगळ्यांना ठाऊक होतं.

"तीन!" सर ओरडले. "मथुरा, तीन! टाक!" सगळं गाव ओरडायला लागलं, तीन, तीन. मार्सेलकाकासुद्धा.

लूर्डसच्या बगलेखालून मला खांब दिसत होता. पेंढ्याने जाडजूड झालेला, दोरीने आवळलेला, एखाद्या बुजगावण्यासारखा. पाय गार होते. मी गेले. बॉल जमिनीवर एकदा, दोनदा, लूर्डस मागे राहिली, त्यांची एक उंच मुलगी पुढे आली, आणि मी उडी मारली. वर बघायचं असतं, बॉलकडे. मी बघितलं नाही. मी पूर्ण वेळ खांबाकडे बघत होते. बॉल हातातून कधी सुटला कळलं नाही. त्या मुलीचा कोपर बरगडीत लागला आणि मी सगळ्या अंगाने खांबावर गेले.

खसकन आवाज आला. तोंडात धूळ, नाकात गोठ्याचा वास, गालाला अंबाडीची गाठ खरचटून गेलेली. मी खाली बसले आणि डाव्या डोळ्यावर हात धरला. का धरला माहीत नाही, लागलं तर खांद्याला होतं. हात काढून बघितला. हाताला रक्त नव्हतं, पेंढ्याची काडी होती.

"बरोबरी!" कुणीतरी ओरडलं. बॉल गेला होता म्हणे.

पुढे जादा वेळ मिळाला. त्या पाच मिनिटांत मी आणखी तीनदा आत गेले. एकदा गुण झाले, दोनदा नाही. तिन्ही वेळा तेवढीच भीती वाटली, कणभर कमी नाही. शेवटी लूर्डसने बरोबर साडेवीस फुटांच्या बाहेरून एक टाकला, पंचांनी तीन बोटं वर केली, आणि आम्ही हरलो. सर माझ्यापाशी आले. "मी तीन म्हणत होतो," ते म्हणाले. मी म्हणाले, "ऐकलं मी, सर." मग म्हणाले, "मंगळवारी सरावाला लवकर ये. आत जाताना तू खाली बघतेस." एवढंच.

वहीत रोझलिनने माझ्या नावापुढे रिंगखाली चार फुल्या काढल्या होत्या. त्यातल्या दोन फुल्यांभोवती गोल, गेलेल्या बॉलचे. तिने ते पान मला दाखवलं आणि हसली. त्या हसण्याची मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही.

संध्याकाळी आबा आणि मी बांधावरून घरी निघालो. आबा पुढे, मी मागे. माझ्या केसांत पेंढा होता, खांदा ठणकत होता.

"आबा, दोरी राहिली खांबाला," मी म्हणाले.

"ऱ्हाऊदे."

"मग वाफे कशाने आखशील?"

"नवी वळीन."

आणखी थोडं चाललो. पाटाच्या पुलाशी मी थांबले. ते दोन पावलं पुढे गेले आणि थांबले, पण वळले नाहीत.

"तेराव्या गाठीवर का ओढलीस रे रेघ?" मी विचारलं. "सगळे हसले तुला."

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"खांब काय मना हलवता येत नव्हता," ते म्हणाले. "रेघ येत होती."